शब्दपरिचय : 'गर्द'

'गर्द झाडी' आपण धड्यात वाचतो. पण फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ. ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचे कच्चे हेरॉइन, भुकटीसारखे असते. म्हणून मराठीत त्याला 'गर्द' म्हणू लागले आणि ओढणारा झाला 'गर्दुल्ला'. आपल्याकडे हिंदीत त्यालाच 'स्मॅक' म्हणतात.

गांजा भरलेल्या सिगारेटला मुले 'जॉइंट' किंवा नुसते 'माल' म्हणतात. तिच्यात कोणी चिमूटभर गर्द मिसळले, तरी नाव तेच राहते! खरी मेख इथेच आहे. ओढणाऱ्याला वाटते, आपण गांजाच ओढला. (गांजाही निरुपद्रवी नाहीच.) हेरॉइन मात्र अफूपासून बनते. शरीराला त्याची सवय लागली की ते न मिळाल्यास नाक गळते, हातपाय मोडून येतात, झोप उडते. घरच्यांना वाटते, ताप येणार असेल. अफूची शेती आपल्या माळव्यातच, मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने होते. पण ती औषधांसाठी.

डॉ. अनिल अवचट यांनी 'गर्द' याच नावाने पुस्तक लिहिले. डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले.

पालकांनी पोलिसांच्या धास्तीने गोष्ट दडवू नये. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारी निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६.