कुवेतचे ऊन आणि घरचा व्यायाम



"उन्हात व्यायाम कसा करावा?" ही सबब बीरशेबात आपण नेहमी ऐकतो. कुवेतमध्ये ती खरी आहे. तेथील मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी पारा ५३.९ अंशांवर गेला होता. जून ते ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करवून घेण्यास तेथे कायद्याने मनाई असते. अशा ठिकाणी मनुष्य बसून राहतो व वजन वाढते. मग चारचौघांत जावयाची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी तो आणखीच बसून राहतो.

ही गाठ घरातच सोडवावी. शेखा ए. जे. अल-सबाह या कुवेती बाईंनी २०१४ साली 'दारात्मा' हे देशातील पहिले परवानाधारक योगकेंद्र काढले. २०२५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. योगास चटईपुरती जागा पुरते. दार लावले की पाहणारा कोणी नाही. आरंभी दहा मिनिटे पुष्कळ झाली. महिन्याभराने जिना चढताना दम कमी लागला, तर तीच कमाई समजा. आरशाला इतक्यात विचारू नका.

आहाराविषयी आपले रांबाम, जे स्वतः वैद्य होते, सांगून गेले की जेवणापूर्वी अंग तापेपर्यंत श्रम करावेत आणि पाव पोट रिकामे ठेवून उठावे. शब्बाथची नारळाच्या रसातील मासळी सोडा असे मी म्हणणार नाही (माझ्याच घरी कोणी ऐकणार नाही!). भात मात्र निम्मा घ्या, उसळ वाढवा. मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.