विचित्र मोटारींचा हिशेब

रस्त्याने एखादी नेहमीपेक्षा निराळ्या घडणीची गाडी चालली म्हणजे पाहणाऱ्यास प्रथम हसू येते. हसणे स्वाभाविक आहे, परंतु हसून झाल्यावर “ही अशी का केली असावी?” हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहतो, त्याच्या अंगी यंत्रविद्येचे बीज आहे असे समजावे. यंत्रात कारणावाचून सहसा काही नसते. निराळेपणा हे बहुधा कोणत्या तरी अडचणीस दिलेले उत्तर असते. ते उत्तर कितपत पुरे पडते, हे पडताळून पाहण्यास आज शिकू या.

प्रारंभ घराजवळूनच करू. देवनारच्या रस्त्यांवर दिवसभर जिचा आवाज कानी पडतो, ती रिक्षा घ्या. तिला तीनच चाके का? घरातील तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. चार पायांच्या खुर्चीचा मात्र एखादा पाय अधांतरी राहतो. तीन टेकू कसेही ठेवले तरी ते एका पातळीत येतात, हा भूमितीचा नियम आहे. शिवाय पुढे एकच चाक असल्यामुळे वळविण्याची योजना साधी होते, गाडी अरुंद गल्लीत वळते आणि वजन व किंमत दोन्ही कमी राहतात. आता कागदावर तीन चाकांचे तीन बिंदू मांडून ते रेषांनी जोडा. पुढे निमुळता होत जाणारा त्रिकोण दिसेल. भरधाव वळताना गाडीचा भार बाहेरच्या अंगास झुकतो. तो ह्या त्रिकोणाच्या बाहेर गेला की गाडी उलटते. म्हणजे ज्या रचनेने सोय केली, तिनेच मर्यादाही घातली.

चार चाकांची मोटार सामान्य गृहस्थासही परवडावी, ही इच्छा महाराष्ट्रात जुनी आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ह्यांनी त्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते; परंतु 1949 साली त्यांनी आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे एकामागून एक सुधारलेले नमुने बनविले. ही मोटार ‘मीरा’ ह्या नावाने ओळखली गेली. तिचे इंजिन मागच्या बाजूस होते. इंजिन पुढे ठेवून मागची चाके फिरवावयाची, तर गाडीच्या पोटाखालून लांब दांडा न्यावा लागतो. इंजिन मागेच बसविले की तो दांडा वाचतो, त्याचे वजन वाचते आणि माणसांस बसण्यास जागा मोकळी होते. 1970 नंतरच्या दशकात ह्या गाडीची अपेक्षित किंमत सुमारे 12,000 रुपये सांगितली जात असे. परंतु तिचा कारखाना उभा राहिला नाही. त्यासाठी लागणारे पाठबळ मिळालेच नाही. एक गाडी करण्यास निष्णात हात पुरतो. तशा हजारो करण्यास भांडवल, परवाने, सुटे भाग पुरविणारे आणि दुरुस्ती करणारे अशी सारी साखळी लागते. तिचा एकही दुवा नसेल तर उत्तम नमुनाही नमुनाच राहतो.

पुढे 2008 साली टाटांनी ‘नॅनो’ लोकांपुढे मांडली, तेव्हा ही साखळी त्यांच्या हाताशी होती. गिरीश वाघ ह्यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी लाख रुपयांत मोटार बसविण्याचे गणित मांडले. इंजिन येथेही मागे, दोन सिलिंडरांचे, 624 घनसेंटिमीटरचे. काच पुसणारा वायपर एकच. चाक आवळण्यास चारांऐवजी तीन नट. गाडी हलकी असल्यामुळे तीन नट पुरतात, असा हिशेब. चार चाकांवर एकेक नट वाचला म्हणजे गाडीमागे चार, आणि लाख गाड्यांमागे चार लाख! काटकसर कशी मोजावी, ह्याचा हा उत्तम पाठ आहे. तथापि 2018 च्या सुमारास ह्या गाडीचे उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद लोकांस आकर्षक वाटेल, हा अंदाज फसला. मनुष्यास वाहन हवे असते, तशी त्याबरोबर प्रतिष्ठाही हवी असते. आणि तिचा आकडा कोणत्याही नकाशावर लिहिलेला नसतो.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कारागीर दत्तात्रय लोहार ह्यांनी जुन्या भंगार सुट्या भागांतून सुमारे 60,000 रुपयांत एक चिमुकली जीप तयार केली. इंजिन दुचाकीचे; म्हणून चारचाकी असूनही ती पायाने लाथ मारून सुरू करावी लागे. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्र ह्यांनी तिची जाहीर प्रशंसा केली. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितले. तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी 2022 मध्ये तो बदला पूर्ण झाला.

येथे कोणी विचारील, गाडी चालत असताना नियमांचा अडथळा कशास? ह्याचे उत्तर गणित देते. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या अंगची गतिशक्ती चौपट होते. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यापासून 4 मीटरांत थांबत असेल, तर त्याच ब्रेकने 50 च्या वेगात तिला 16 मीटर लागतील. मधल्या 12 मीटरांत एखादे मूल रस्ता ओलांडत असेल! म्हणूनच पुण्यास 1966 पासून कार्य करीत असलेल्या ‘एआरएआय’ ह्यासारख्या संस्थांत नव्या वाहनाचे ब्रेक, दिवे, धूर इत्यादींची कसोटी घेतली जाते. गाडी चालविणे हे कौशल्याचे अर्धे अंग. ती हमखास थांबविणे हे दुसरे. पहिले अंग हाताने साधते, दुसऱ्यास मोजमाप लागते. शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकावयाचे ते ह्या दुसऱ्या अंगासाठी.

पालकांसही दोन शब्द. गुणपत्रिकेत मागे असलेला मुलगा किंवा मुलगी बंद पडलेला पंखा उघडून बसते, तेव्हा “अभ्यास सोडून हे काय?” असे म्हणून ते हिसकावून घेऊ नये. वीज तोडली आहे ना, एवढे पाहावे, स्क्रू ठेवण्यास एक डबी द्यावी आणि जे उघडले ते पुन्हा जोडण्याचा आग्रह धरावा. हात काळे करणाऱ्या विद्येस आपण कमी लेखतो, आणि मग तीच विद्या महाग झाली म्हणून तक्रार करतो.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटीत घाटकोपर–मानखुर्द रस्त्याच्या पदपथावर सुरक्षित जागी उभे राहून पाच निराळी वाहने पाहा. प्रत्येकाविषयी वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहा: ह्यात विचित्र काय आहे? त्याने कोणती अडचण दूर झाली? आणि त्यापायी काय गमवावे लागले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास प्रामाणिकपणे लिहिता येईल, त्याने अभियंत्याचा पहिला धडा घेतला असे खुशाल समजावे.