डेटाबेसमधील फेरफार : प्रोग्रॅममधून स्क्रिप्ट चालविताना

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा हे गाव आहे. ३० जून १९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होते. दुसऱ्या दिवशी, १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि गाव जागचे न हलता त्याचा जिल्हा बदलला. कागदोपत्री असा बदल करणे कष्टाचे असले तरी समजण्यास सोपे असते. दप्तरांवरचे शिक्के बदलावयाचे, नव्या नोंदवह्या उघडावयाच्या, जुन्या नोंदवहीत शेरा मारावयाचा. चूक झाली तर ती कोणत्या पानावर झाली हे डोळ्यांना दिसते.

पुढे २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तोवर शासनाचा बहुतेक कारभार संगणकावर आलेला होता. त्यामुळे अशा प्रत्येक निर्णयानंतर, शाळांच्या यादीपासून लाभार्थ्यांच्या यादीपर्यंत ज्या ज्या ठिकाणी जिल्ह्याचे नाव साठविलेले आहे, तेथे ते बदलणे भाग पडते. हा बदल पडद्यावर एकेक नोंद उघडून कोणी करीत नाही. त्यासाठी आज्ञांची एक लेखी यादी तयार केली जाते आणि ती प्रोग्रॅमकडून डेटाबेसवर चालविली जाते. या यादीस स्क्रिप्ट म्हणतात. ती कोण लिहितो हा तंत्रज्ञांचा प्रश्न असला, तरी तिच्या परिणामांस उत्तर देण्याची पाळी मुख्याध्यापकावर, ग्रामपंचायतीवर आणि तहसील कार्यालयावर येते. यास्तव तिचे स्वरूप त्यांनीही जाणून घेणे इष्ट होय.

नोंदवही आणि तिची भाषा

डेटाबेस म्हणजे नोंदवह्यांचे कपाट असे समजण्यास हरकत नाही. त्यातील प्रत्येक तक्ता ही एक नोंदवही, प्रत्येक ओळ ही एक नोंद आणि प्रत्येक स्तंभ हा एक रकाना. अशा परस्परसंबंधित तक्त्यांची कल्पना आय.बी.एम. या कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्या तक्त्यांशी बोलण्याची भाषा त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली जगापुढे ठेवली. तीच आजची एस.क्यू.एल. 'अमुक तक्त्यात, अमुक अट पूर्ण करणाऱ्या ओळींत, अमुक रकाना असा करावा' एवढे एका वाक्यात सांगितले की एक ओळ असो वा एक लाख ओळी असोत, काम होते. या भाषेचे सामर्थ्य ते हेच, आणि तिचा धोकाही तोच.

पूर्वी अशी आज्ञा देण्यासाठी जाणकार माणूस संगणकासमोर बसत असे. ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके असलेल्या राज्यात प्रत्येक ठिकाणी असा माणूस धाडणे शक्य नाही. म्हणून प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीबरोबरच स्क्रिप्टची फाईल पाठविली जाते. प्रोग्रॅम सुरू होताच ती उघडतो, वाचतो आणि तिच्यातील आज्ञा डेटाबेसकडे सोपवितो. वरवर पाहता यात अवघड काही नाही. तथापि पहिली ठेच येथेच लागते.

अनेक डेटाबेसांशी बोलणारी साधने एका वेळी एकच आज्ञा स्वीकारतात आणि स्क्रिप्टमध्ये तर पन्नास असतात. दोन आज्ञांमध्ये अर्धविराम असतो, तेव्हा अर्धविरामापाशी फाईलचे तुकडे करावे, असे नवख्यास वाटते. पण एखाद्या शेऱ्याच्या मजकुरातही अर्धविराम असू शकतो, आणि मग आज्ञा मध्येच चिरली जाते. एस.क्यू.एल. सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये मधूनमधून 'गो' हा शब्द ओळीवर एकटाच आढळतो. तो डेटाबेसच्या भाषेतला शब्दच नव्हे. 'इथवरचे आता पाठव' असे हाताने आज्ञा धाडण्याच्या साधनास सांगणारी ती खूण होय. मायएसक्यूएलमधील 'डिलिमिटर' या शब्दाची गोष्ट तशीच. तंत्रज्ञाच्या टेबलावर जी स्क्रिप्ट सुरळीत चालली ती प्रोग्रॅममधून पाठविताच मोडते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. यावर उपाय म्हणजे त्या त्या डेटाबेससाठी संपूर्ण स्क्रिप्ट चालविण्याची जी तयार सोय असते ती वापरणे आणि तिचे नियम आधी वाचणे.

अर्धा गाव धुळ्यात

समजा, चिंचपाड्याचा जिल्हा बदलणारी स्क्रिप्ट चार तक्त्यांवर चालावयाची आहे : गावे, शाळा, शिधापत्रिका आणि लाभार्थी. दोन तक्ते झाले आणि वीज गेली. आता गाव व शाळा नंदुरबारमध्ये आहेत, पण शिधापत्रिका व लाभार्थी धुळ्यातच राहिले. नंदुरबारच्या यादीत त्या लोकांची नावे निघत नाहीत आणि धुळ्याच्या यादीत त्यांचे गाव निघत नाही. कोणीही नोंद पुसलेली नाही, तरी अर्ज करणाऱ्या बाईस 'तुमचे नाव यादीत नाही' असे उत्तर मिळते. ते उत्तर देणारा लिपिक खोटे बोलत नसतो, कारण पडद्यावर खरोखरच नाव नसते.

हे टाळण्यासाठी डेटाबेसमध्ये व्यवहाराची सोय असते. आज्ञांच्या आरंभी 'व्यवहार सुरू', शेवटी 'कायम करा' असे सांगावयाचे. मध्ये काहीही बिघडले तर सर्व आज्ञा मागे घेतल्या जातात आणि नोंदी पूर्वीसारख्या होतात. तंत्रज्ञ यांस कमिट व रोलबॅक म्हणतात. या सोयीवर मात्र डोळे मिटून विसंबता येत नाही. पोस्टग्रेस व एस.क्यू.एल. सर्व्हर यांत नवा रकाना जोडण्यासारखे रचनेचे बदलही बहुतांशी मागे घेता येतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकल यांत तशी आज्ञा दिली की तोवरचे सारे काम आपोआप कायम होते. पायथन भाषेत एस.क्यू.लाइटची संपूर्ण स्क्रिप्ट चालविण्याची जी सोय आहे, ती नेहमीच्या मांडणीत अपुरा राहिलेला व्यवहार आधी कायम करून टाकते आणि मग स्क्रिप्ट सुरू करते. हे ठाऊक नसलेला प्रोग्रॅमर 'मी व्यवहारात बांधले होते' असे प्रामाणिकपणे सांगतो, आणि त्याचे म्हणणे निम्मेच खरे असते.

चिंचपाडा नेमके कोणते?

आता आज्ञेतील अटीकडे वळू. 'ज्या ओळीत गावाचे नाव चिंचपाडा आहे तेथे जिल्हा नंदुरबार करावा' ही आज्ञा वाचावयास निर्दोष वाटते. पण चिंचपाडा कल्याणजवळही आहे, नवी मुंबईत ऐरोली येथेही आहे. चिंचेच्या झाडांची आणि पाड्यांची या राज्यात वाण नाही. राज्याच्या एकत्रित तक्त्यावर ही आज्ञा चालली तर मुंबईलगतची वस्ती क्षणात सातपुड्याच्या जिल्ह्यात जाईल, आणि डेटाबेस चूक म्हणून एक अक्षरही दाखविणार नाही, कारण त्याने सांगितलेलेच केले.

म्हणून अट नावावर नव्हे, संकेतांकावर असावी. याच जिल्ह्यात शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. माणसास ज्या कारणासाठी क्रमांक दिला त्याच कारणासाठी गावासही तो असावा लागतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याचा संकेतांक ४९७ आणि धुळ्याचा ४९८ आहे. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक आहे आणि २०२० साली मंजूर झालेल्या सातबाराच्या नव्या नमुन्यात तो छापला जातो.

मराठी नावांची आणखी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांत ती सापडत नाही. 'कऱ्हाड' या नावातील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठविता येते : एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. संगणक अक्षरामागचे आकडे पाहतो, त्यामुळे दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घेतली नाहीत तर एका पद्धतीने लिहिलेली अट दुसऱ्या पद्धतीने साठविलेल्या नावाशी जुळत नाही आणि आज्ञा शून्य ओळींवर चालते. शून्य ओळी बदलणे ही डेटाबेसच्या दृष्टीने चूक नाही. म्हणून प्रत्येक आज्ञेनंतर किती ओळी बदलल्या हे प्रोग्रॅमने मोजावे, अपेक्षित संख्येशी ताडून पाहावे आणि न जुळल्यास सर्व व्यवहार मागे घ्यावा. एस.क्यू.एल. सर्व्हरमध्ये देवनागरी मजकुरापूर्वी रोमन 'एन' हे अक्षर लिहावयाचे राहिले तर नावाच्या जागी बहुधा प्रश्नचिन्हांची रांग साठविली जाते, आणि मूळ नाव परत मिळविण्याचा मार्ग त्या तक्त्यात उरत नाही.

फेरफाराचा क्रमांक

स्क्रिप्ट एकदाच चालावी, दोनदा नव्हे, या नियमाचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. जुन्या तक्त्यातील क्षेत्र एकरात आहे आणि ते हेक्टरात करावयाचे आहे. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, तेव्हा आज्ञा सोपी : क्षेत्रास ०.४०४७ ने गुणावे. पाच एकरांच्या शेतकऱ्याचे क्षेत्र २ हेक्टर २ आर होते. संगणक बंद पडला, कोणी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालली, तर तेच क्षेत्र ८२ आर होते. पाच एकरांचे कागदावर दोन एकर झाले. आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. शेतकरी पीककर्जासाठी उतारा घेईल तेव्हाच ते उघड होणार.

यावरचा उपाय महसूल खात्यास शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. सातबारावर थेट लिहिण्याची मुभा कोणासही नाही. लोक अजूनही ज्यास तलाठी म्हणतात तो ग्राम महसूल अधिकारी, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० अन्वये आधी फेरफार नोंदवहीत क्रमाने नोंद घेतो, संबंधितांस नोटीस देतो, हरकतीसाठी १५ दिवस ठेवतो. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यानंतर ती नोंद सातबारावर उतरते. जुने नाव खोडून नाहीसे केले जात नाही. त्यास कंस होतो आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक लिहिला जातो.

स्क्रिप्टांसाठी हीच नोंदवही डेटाबेसमध्ये एका छोट्या तक्त्याच्या रूपाने ठेवावयाची असते : स्क्रिप्टचा क्रमांक, नाव, चालविल्याचा दिनांक, चालविणारा आणि यश-अपयश. प्रोग्रॅम सुरू होताना हा तक्ता वाचतो, शेवटचा क्रमांक १४ असेल तर १५ पासून पुढच्याच स्क्रिप्टा क्रमाने चालवितो आणि शक्य तेथे प्रत्येकीची नोंद त्याच व्यवहारात करतो. फ्लायवे व लिक्विबेस ही तयार साधने हेच काम करतात. ती फाईलच्या मजकुरावरून एक खूण-संख्याही काढून ठेवतात. चालविलेल्या फाईलमध्ये नंतर कोणी एक अक्षर बदलले तर संख्या जुळत नाही आणि साधन पुढे जाण्यास नकार देते. चौदाव्या स्क्रिप्टमध्ये चूक आढळली तर चौदावी दुरुस्त करावयाची नाही, पंधरावी लिहावयाची. चुकीच्या फेरफारावर खाडाखोड न करता नवा फेरफार घेणाऱ्या कर्मचाऱ्यास हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

अधिकार कोणाचे?

प्रोग्रॅम ज्या खात्याने डेटाबेसमध्ये रोज प्रवेश करतो, त्या खात्यास तक्ता मोडण्याचा किंवा रकाना काढण्याचा अधिकार असता कामा नये. स्क्रिप्टसाठी वेगळे खाते असावे, ते त्या कामापुरते वापरावे आणि त्याचा परवलीचा शब्द प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवू नये. नोंद घेणारा आणि प्रमाणित करणारा हे दोघे वेगळे असावेत, हे तत्त्व येथेही लागू आहे.

याच्याशी निगडित दुसरी गोष्ट अशी की, वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर आज्ञेस जोडून कधीही पाठवू नये. वसईकडील डिसूझा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना 'डी' या अक्षरानंतर वर एक अवतरणचिन्ह येते. डेटाबेसच्या भाषेत त्याच चिन्हाने मजकूर संपतो. आडनाव आज्ञेत जसेच्या तसे चिकटविले तर आज्ञा तेथेच तुटते. सज्जन माणसाच्या आडनावाने जे तुटते ते दुष्ट हेतूने लिहिलेल्या मजकुराने हवे तसे वळविताही येते. यासाठी आज्ञेत रिकामी जागा ठेवून मजकूर स्वतंत्रपणे देण्याची पद्धत आहे, छापील नमुन्यातील रकाना भरावा तशी. तक्त्याचे नाव मात्र या रीतीने देता येत नाही. ते ठरावीक यादीतूनच निवडले गेले पाहिजे.

कार्यालयास प्रोग्रॅम पुरविणाऱ्याकडून स्क्रिप्टचा मजकूर मागून घेण्याचा हक्क करारातच ठेवावा. ती आधी प्रतीवर चालवून पाहिली काय, किती ओळी बदलणे अपेक्षित आहे आणि मूळ साठ्याची नक्कल कोठे ठेवली आहे, ही विचारणा लेखी करावी. ती नक्कल परत भरून पाहिली आहे काय, हेही विचारावे. न तपासलेली नक्कल ऐन वेळी उघडत नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. संगणकीकृत सातबारातील चुका शोधण्यासाठी २०१७ साली राज्यात गावोगावी चावडी वाचन झाले. उतारे मोठ्याने वाचले गेले आणि खातेदारांनी आपापल्या नोंदी कानांनी तपासल्या. जिल्हा बदलणारी स्क्रिप्ट चालल्यानंतर दुसऱ्याच दिवशी चिंचपाड्याची लाभार्थ्यांची यादी छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास कागदाची दोन-चार पाने पुरतात.