युक्रेनचे युद्ध आणि युरियाची गोणी

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातील मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून गेला. त्याच्या कडेने गेल कंपनीने मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनीचे काम हाती घेतले. मामाच्या गावी जाताना रस्त्याकडेला रचलेले ते पोलादी नळ मी पाहिले आणि धरणाचे पाणी येणार म्हणून घरी आनंदाने सांगितले! ते नळ नैसर्गिक वायूचे होते, हे पुष्कळ उशिरा कळले. हा वायू म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमधला गॅस नव्हे. तो निराळा. हा मुख्यतः मिथेन. त्यापासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. अलिबागजवळच्या थळ येथील आर.सी.एफ.चा कारखाना १९८५ पासून हेच काम करीत आला आहे.

वायूची ही ओळख करून देण्यास एक घरगुती कारण आहे. बाबांना अक्षरओळख बेताचीच, त्यामुळे संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचण्याचे काम माझे. २०२२ च्या रब्बीत गव्हाला युरिया आणला त्या दिवशी मी युक्रेनची बातमी वाचत होतो. बाबा म्हणाले, "युरिया तं त्याच भावानं भेटला. मंग लढाईचं आपल्याले काय?" मला उत्तर देता आले नाही. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी बाजारभाव शिकवला, तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला.

तेल पिंपात भरून कोठेही नेता येते. वायूचे तसे नाही. त्याला नळ तरी हवा, नाही तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. मग त्याचे आकारमान सहाशे पटींनी घटते आणि तो खास जहाजांतून जातो. २०२१ साली युरोपीय संघाच्या आयात वायूपैकी सुमारे ४५ टक्के वायू रशियाचा, आणि त्यातील बराचसा नळाने येणारा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि पुढील महिन्यांत हे नळ आटत गेले. सप्टेंबरात नॉर्ड स्ट्रीमच्या समुद्रतळावरील वाहिन्या स्फोटांनी फुटल्या. श्रीमंत युरोप मग जहाजांच्या बाजारात उतरला. २०२० मध्ये आशियात जो वायू दर एककास दोन डॉलरांनाही विकला गेला होता, त्याचा भाव मार्च २०२२ मध्ये ऐंशी डॉलरांच्या वर गेला. त्या जुलैत पाकिस्तानने दहा जहाजांसाठी निविदा काढली; एकही देकार आला नाही. बांगला देशाने तर रोखीच्या बाजारातील खरेदीच थांबवली आणि तेथे दिवे जाऊ लागले. लिलावात ज्याची थैली मोठी त्याचा माल, हे आपल्या मोंढ्यात बसणाऱ्याला शिकवावे लागत नाही.

भारताकडे मात्र करार होता. गेलने २०१२ साली रशियाच्या गाझप्रोमच्या सिंगापूर येथील शाखेशी वीस वर्षांचा, वर्षाला २५ लाख टनांचा करार केला होता आणि २०१८ च्या जूनमध्ये पहिले जहाज गुजरातेत दहेजला लागलेही. पण ही शाखा गाझप्रोमच्या जर्मन कंपनीच्या हाताखाली होती. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने त्या कंपनीचा ताबा घेतला. मे महिन्यात रशियाने तिच्यावरच निर्बंध घातले. भांडण त्या दोघांचे, जहाजे मात्र आपली थांबली! गेलला खतकारखान्यांच्या वायूतही कपात करावी लागली. तक्रार लंडनच्या लवादापुढे गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. मला वाटते, या प्रकरणात सर्वांत शिकण्याजोगे हेच आहे. करार सही करणाऱ्याशी असतो, आणि सही करणाऱ्याचा मालक एका रात्रीत बदलू शकतो.

आता बाबांचा प्रश्न. युरियाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वायूचा. तरीही ४५ किलोच्या गोणीची किंमत २०२२ सालीही २६६ रुपये ५० पैसेच राहिली, कारण ती सरकार ठरवते आणि मधला फरक अनुदानाने भरून काढते. २०२१-२२ मध्ये खतांवरील केंद्राचे अनुदान दीड लाख कोटी रुपयांच्या आसपास होते; २०२२-२३ मध्ये ते अडीच लाख कोटींवर गेले. म्हणजे लढाईचा भाव भरला गेलाच, फक्त तो दुकानात भरला गेला नाही. अनुदान नको असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कोरडवाहू पाच एकरांवर ऐंशी डॉलरांचा भाव कोणाला पेलणार? पण या एक लाख कोटींच्या वाढाव्यातील बराच वाटा वायू विकणाऱ्यांच्या पदरात पडला. त्यात किती गावांच्या विहिरी आणि शाळा झाल्या असत्या, हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीच्या सुटीत मी हे सगळे बाबांना सांगितले. आकडा ऐकून ते गप्प राहिले, मग उठले आणि गोठ्यातल्या कोनाड्यातून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. त्या रब्बीत दुकानदाराने "ही घेतली तरच युरिया" म्हणून गळ्यात मारलेले ते पिकाच्या वाढीचे औषध. याचा संबंध मी युक्रेनशी जोडणार नाही. पण 'त्याच भावानं' हे बाबांचे म्हणणे तेवढे खरे नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते. बाटलीचे बूच अजून उघडलेले नाही.