घासलेला ॲक्सल कुणी परत घेत नाही

‘आमचे ॲक्सल इतक्या गाड्यांना बसले, तुमच्याच गाडीला बसत नाहीत म्हणजे दोष तुमच्या गाडीत आहे.’ हे मला फोनवर ज्याने ऐकवलं, त्याच्याकडे माझ्या गाडीची सगळी मापं ऑर्डरच्या आधीपासून होती. मीच ती पाठवली होती, फोटोंसकट. त्याने ती उघडूनही पाहिली नव्हती, हे पुढे त्याच्याच बोलण्यातून कळलं. तो राग अजून गेलेला नाही. पण इथे डेट्रॉइटच्या आसपास आपली बरीच मंडळी जुन्या गाड्यांना हात घालू लागली आहेत, म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे.

गाडी 1990 ची फोर्ड मस्टँग, पाच लिटर इंजिनाची. हिला मागे 8.8 इंची ॲक्सल, 28 दात्यांचे शाफ्ट, चार नटांची चाकं आणि ड्रम ब्रेक. मला पाच नटांची चाकं, मागे डिस्क आणि 31 दात्यांचे शाफ्ट हवे होते. हे काही माझं खूळ नाही. 1984 ते 86 च्या मस्टँग एसव्हीओला खुद्द फोर्डनेच पाच नट आणि मागे डिस्क दिल्या होत्या. राहिला दात्यांचा प्रश्न. 28 दात्यांचा शाफ्ट साधारण 1.2 इंच जाड असतो, 31 चा साधारण 1.32. फरक किरकोळ वाटतो, पण पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश जास्त. इंजिनाचा जोर वाढवला की मागे हे करावंच लागतं. फोर्डचेच 1994 ते 98 च्या मस्टँगचे शाफ्ट पाच नटांचे मिळतात, पण ते प्रत्येक बाजूला सुमारे पाऊण इंच लांब असतात आणि चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं. म्हणून मी जुन्या लांबीचे, बाहेरच्या कंपनीने बनवलेले शाफ्ट घेतले. जाहिरातीत लिहिलं होतं, काहीही बदल न करता थेट बसतील.

ते बसले नाहीत. पहिली अडचण बाहेरच्या टोकाला आली. शाफ्टच्या मधल्या उंचवट्यावर डिस्कचं भोक बसेना. ते लेथवर सरळ झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरी गोष्ट आतल्या टोकाची. या ॲक्सलमध्ये शाफ्ट आतल्या बाजूने धरलेला असतो. शेवटच्या टोकाला जाड बटण, त्याच्यामागे खाच, खाचेत सी-क्लिप. क्लिप शाफ्टला बाहेर येऊ देत नाही आणि डिफरन्शियलच्या मधून जाणारी क्रॉस पिन त्याला आत सरकू देत नाही. माझ्या नव्या शाफ्टांची बटणं इतकी जाड होती की क्लिप घालून शाफ्ट बाहेर ओढले तरी मधून पिन जाईना.

फोन केला. उत्तर तयार होतं: ‘ग्राइंडरवर थोडं घासून घ्या, सगळे तसंच करतात.’ मी विचारलं, किती घासू? म्हणाला, ‘पिन जाईपर्यंत.’ माप नाही, मर्यादा नाही. मी ते हाताने ग्राइंडरवर केलं नाही. ओळखीच्या मशीन शॉपमध्ये नेऊन दोन्ही टोकं सारखी आणि काटकोनात काढून घेतली, पोलाद तापून निळं पडू दिलं नाही. ज्याने मला ‘पिन जाईपर्यंत’ असं सांगितलं, त्याच्यापेक्षा मी त्याच्या मालाची काळजी जास्त घेतली.

पिन गेली. गाडी जोडली, ब्रेकमधली हवा काढली, अंगणात पुढे-मागे करून पाहिली. पेडल घट्ट. मग हायवेवर गेलो आणि बाहेर पडताना तो लांब गोल रॅम्प घेतला. रॅम्प संपतो तिथे सिग्नल, समोर उभा ट्रक. ब्रेक दाबला तर पेडल जवळजवळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं तेव्हा लागला. मी बाजूला गाडी लावून कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

घरी येऊन पुन्हा हवा काढली. पेडल घट्ट. पुन्हा वळणावरून आणली, पुन्हा पहिलं पेडल पोकळ. सरळ रस्त्यावर कितीही ब्रेक मारा, काही होत नाही, वळणानंतरच होतं. हे नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. चाकाच्या फ्लँजला डायल गेज लावला आणि शाफ्ट हाताने आत-बाहेर ढकलला. प्ले मिलिमीटरच्या वर निघाला. वळणावर शाफ्ट सरकतो, त्याच्याबरोबर डिस्क सरकते, डिस्क पॅडला आणि पॅड पिस्टनला मागे ढकलतो. पुढच्या वेळी तुम्ही पेडल दाबता ते नुसतं ती फट भरण्यात खर्च होतं. ड्रम ब्रेकला एवढ्या सरकण्याने फारसं बिघडत नाही, डिस्कला ते खपत नाही. आणि हे शाफ्ट ‘डिस्कसाठी’ म्हणूनच विकले होते!

मग फीलर गेजने क्लिपच्या बाजूची फट तपासली. खाच क्लिपपेक्षा बरीच रुंद कापलेली होती. म्हणजे बटण जाड आणि खाच रुंद, दोन्ही चुका कारखान्यातल्या. बटण घासलं की पिन जाते, पण मग क्लिपची ढिलाई आणि बटणाची ढिलाई एकत्र होते. हे गणित विक्रेत्याला माहीत असायला हवं होतं.

फोन केला तर सूर बदललेला. आधी डिफरन्शियलला दोष. तेव्हा मी भंगारवाल्याकडून फोर्ड एक्सप्लोररचा मूळ शाफ्ट आणला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या एक्सप्लोररमध्येही 8.8 इंची ॲक्सल असतो, 31 दात्यांचा आणि सी-क्लिपचाच. लांबी वेगळी असल्याने तो माझ्या गाडीला चालत नाही, पण आतलं टोक ताडून पाहायला उत्तम. टेबलावर त्याच डिफरन्शियलमध्ये तो घातला, क्लिप बसवली, पिन बोटाने आत गेली. प्ले नावापुरता. डिफरन्शियल निर्दोष होता. हे फोटो, मापं पाठवली. उत्तर एका ओळीचं आलं: मालात फेरफार केला आहे, परत घेता येणार नाही.

घासायला सांगणारे तेच, आणि घासलं म्हणून नाकारणारेही तेच. मी फोनवरच्या त्या माणसाला त्याच्याच बोलण्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, असं आमच्याकडचं कुणी सांगणारच नाही.

माझं नशीब म्हणा किंवा ऑफिसची सवय म्हणा, त्या पहिल्या फोननंतर त्याच संध्याकाळी मी ईमेल पाठवला होता: ‘आज तुमच्याशी बोलणं झालं, तुम्ही टोक घासायला सांगितलंत, त्याप्रमाणे करतो आहे.’ त्याला उत्तर आलं नव्हतं, पण कुणी नाकारलंही नव्हतं. क्रेडिट कार्ड कंपनीने तेवढ्यावर माझी बाजू धरली आणि शाफ्टांचे पैसे परत मिळाले. मशीन शॉपचे, तेलाचे, गॅस्केटचे, वाया गेलेल्या वीकेंडचे नाहीत.

तुम्ही असं काही घेणार असाल तर सुटा भाग गाडीखाली नेण्याआधी मूळ शाफ्टशेजारी टेबलावर ठेवा. लांबी सगळेच मोजतात. बटणाची जाडी, खाचेची रुंदी आणि बेअरिंग बसतं तिथला व्यास मोजा. व्हर्नियर चालेल, बेअरिंगच्या जागेला मायक्रोमीटर घ्या. तिथे पॉलिश पेपरसुद्धा लावू देऊ नका. या ॲक्सलच्या बेअरिंगला आतली रिंग नसते, रोलर थेट शाफ्टवर फिरतात आणि शाफ्टचा कडक केलेला थर वरवरचाच असतो. सील बसतं त्या जागेचंही तेच. मधला उंचवटा, नटांची भोकं यांचं काम लेथवाल्याला जमतं. क्लिपच्या खाचेचं काम कुणालाही देऊ नका. शाफ्ट आतून सुटला किंवा तुटला तर चाक शाफ्टसकट गाडीबाहेर येतं. कुणी सी-क्लिप काढून बाहेरून बेअरिंगने धरायचं किट सुचवेल. रेसच्या गाडीला ठीक, रोजच्या वापरात त्याची सीलं गळतात अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे.

घाई करू नका. चांगला मेकॅनिक धरा. जोडल्यावर दोन्ही बाजूंना डायल गेज लावा, आणि पहिली चाचणी रिकाम्या पार्किंगमध्ये वळणं घेऊन करा. सरळ रस्ता ही अडचण दाखवत नाही.

पुण्याचा माझा भाचा थारच्या मागच्या ॲक्सलला हात लावायचा म्हणतो. त्याला मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचायला सांगितलं. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल तिथे चालत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे.

आणि अमेरिकेत असाल तर पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही, तर त्या रकमेचं पहिलं बिल पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार पोचली पाहिजे. विक्रेता ‘बघतो, कळवतो’ म्हणत राहील. त्याच्या उत्तराची वाट पाहत ते दिवस घालवू नका.