रिकामी भांडी मागताना

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७



आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी पतपेढीतून १,२०,००० रुपये कर्ज काढले. व्याज वर्षाला १५ टक्के, हप्ता महिना ३,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले १,५०० रुपये नुसत्या व्याजात गेले. वर्षभरात ३६,००० रुपये भरले, पण मुद्दल २०,००० रुपयांनीही कमी झाले नाही. माझे मन खचले. कातकरी वाडीवरच्या बचत गटात मी कर्जमुक्तीचे धडे देत होतो, आणि माझे कर्ज मात्र मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हते.

त्याच वाडीत एका बहिणीच्या कुडावर कोळशाच्या रेघा दिसल्या. तिच्या नवऱ्याने पावसाळ्यात वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, तरी उचलीची गाठ अजून सुटलेली नाही. गटाचे कर्ज घेऊन त्यांनी ती फेडली. आता गटाला ५० रुपये परत केले की भिंतीवर एक रेघ. ती म्हणाली, "दादा, मोजलं नाही तर लई भ्या वाटतं."

मी घरी येऊन अलीशा आणि विधवेचा पाठ पुन्हा वाचला. सावकार तिचे दोन मुलगे दास करून न्यायला आला होता. संदेष्ट्याने आधी विचारले, घरात काय आहे? मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले. दारोदार भांडी मागायची म्हणजे अडचण उघडी पडणारच. ती गेली. मुलांना बरोबर घेऊन तिने तेल ओतले. तेल विकून आधी कर्ज फेडायचे, उरल्यावर निर्वाह करायचा, हा क्रमही तिला सांगितला होता.

यातून मी तीन गोष्टी शिकलो :

१. मोजा. फिटलेला प्रत्येक हप्ता लिहून ठेवा.
२. लपवू नका. विश्वासू माणसाला सांगा.
३. घरच्यांना सोबत घ्या. नवे कर्ज सगळ्यांनी मिळून टाळा.

मी पत्नीला सगळा हिशेब दाखवला, मंडळीतल्या एका वडिलांना सांगितले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते विचारतात, "हप्ता गेला का?" ५६ पैकी ३१ गेले, २५ उरले. माझे तेल एका दिवसात वाढले नाही. पण आता बचत गटापुढे उभा राहताना मान खाली जात नाही.

मननासाठी : आपल्या मंडळीत कर्जाखाली दबलेला कोणी गप्प बसला आहे का? त्याला आपले दार ठोठावता येईल का?

प्रार्थना : हे प्रभो, देणे फेडायला आम्हांला धीर दे, आणि शेजाऱ्याला भांडे द्यायला मोकळा हात दे. आमेन.