कापलेल्या सफरचंदाचा रंग

मधल्या सुटींत डबा उघडल्यावर सफरचंदाच्या फोडी तांबूस झालेल्या दिसतात, आणि त्या नासल्या असें समजून कित्येक मुलें त्या टाकून देतात, हें आमच्या पाहण्यांत वारंवार येतें. हा समज कितपत खरा, याचा आज आपण विचार करूं.

सफरचंदाच्या पेशींत निरनिराळे कप्पे असतात. एका कप्प्यांत फिनॉल जातीचीं द्रव्यें असतात, तर दुसऱ्यांत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नांवाचें विकर असतें. विकर, म्हणजेच एन्झाइम, हें स्वतः खर्ची न पडतां रासायनिक क्रिया शीघ्र घडवून आणणारें प्रथिन होय. कांहीं विकरांस साहाय्यक लागतो. तो सेंद्रिय असल्यास त्यास सहविकर म्हणतात. प्रस्तुत विकराचा साहाय्यक मात्र तांबें हा धातु आहे. सुरीनें पेशी फुटल्या कीं हे कप्पे मोडतात. मग विकर व हवेंतील प्राणवायु यांच्या योगानें फिनॉलांपासून क्विनोन नांवाचीं द्रव्यें होतात, आणि त्यांचेंच पुढें तपकिरी रंगद्रव्य बनतें.

चिरलेलें वांगें आपल्या माता पाण्यांत टाकितात, तें हवेचा संबंध तोडण्यासाठींच. लिंबाचा रस तर दुहेरी काम करितो. त्यांतील आम्लानें विकर मंदावतें, आणि त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व क्विनोनांस पुन्हां फिनॉलांचें रूप देतें. असें करितांना तें जीवनसत्त्व स्वतः खर्ची पडतें. दुसऱ्याचें ऑक्सिडीकरण टाळण्यासाठीं स्वतः झिजणें, हाच अशा रक्षक द्रव्यांचा धर्म होय. जीवनसत्त्व संपलें कीं फोड पुन्हां काळवंडूं लागते.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत याहून निराळा मार्ग काढण्यांत आला. सफरचंदाच्याच जनुकांचे अंश वापरून हें विकर बनविणारीं जनुकें जवळजवळ मूक करण्यांत आलीं. ‘आर्क्टिक’ नांवाच्या या सफरचंदास अमेरिकेंत व कॅनडांत २०१५ सालीं परवानगी मिळाली. याची फोड पुष्कळ वेळ पांढरी राहते, आणि तिच्यांतील फिनॉलेंहि अधिक टिकतात.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. विकर थांबलें म्हणून जंतु थांबत नाहींत. अस्वच्छ सुरीनें कापलेली व उघड्यावर ठेविलेली फोड कितीहि पांढरी दिसली तरी ती निर्दोष म्हणतां येणार नाहीं. उलट, घरीं सकाळीं स्वच्छ हातांनीं कापून झांकून दिलेली फोड थोडी तांबूस झाली, एवढ्यावरून ती टाकण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थ्यांनीं घरीं तीन फोडी घ्याव्या. एक तशीच ठेवावी, दुसरीस लिंबाचा रस लावावा, तिसरी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं उकळत्या पाण्यांतून कांहीं मिनिटांनीं काढावी. उष्णतेनें विकर नष्ट होतें. एका तासानें तिन्ही फोडी पाहाव्या. रंगानें काय सांगितलें आणि काय सांगितलें नाहीं, हें मग प्रत्येकानें आपल्या वहींत लिहावें.